पपनसाचा पार

परळहून भोईवाड्याकडे जाताना आमची चाळ लागते. चाळीच्या मागे एखादा टेम्पो जेमतेम उभा राहील एवढी मोकळी जागा आहे आणि तिथे पपनसाचं एक झाड आहे. पपनस म्हणजे लिंबाच्या कुळातलं सगळ्यांत थोराड फळ. जाड सालीचं, आत गुलाबी, नारळाएवढं मोठं. मुंबईच्या बाजारात ते दिसतं ते गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, आणि तेव्हाही बरेच जण ते हातात घेऊन हे काय म्हणून विचारतात. आमच्या चाळीत कुणी विचारत नाही. निम्मी बिऱ्हाडं तळकोकणातली आहेत. त्यांच्या गणपतीच्या डोक्यावर माटवी टांगतात. माटवी म्हणजे लाकडाची चौकट. तिला नारळ, तवसं, कवंडळं, सुपारीचं शिपटं असं जे जे त्या ऋतूत पिकतं ते बांधायचं. मधोमध पपनस लागतं. इतकी वर्षं ते या झाडाचं असायचं.

मी या झाडाचं काय केलं आणि ते दुसऱ्याच्या नावावर कसं लिहिलं, ते मला सांगायचं आहे. लिहिलं म्हणजे खरोखरच लिहिलं. चाळीच्या कमिटीचा चिटणीस मी आहे. सभांच्या इतिवृत्ताची वही माझ्याकडे असते.

झाड काकांनी लावलेलं. काका माझ्या नात्यातले नाहीत. तळमजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत ते आणि काकी राहतात. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, होते. गिरणी बंद पडल्यावर एका शाळेत शिपाई झाले, आणि आता पंचाहत्तरी ओलांडून घरी आहेत. गावच्या विहिरीजवळ पपनसाचं जुनं झाड होतं. त्याच्या एका फांदीची साल गोल सोलून, तिथे ओलं शेवाळ बांधून, मुळं फुटेपर्यंत वाट बघून त्यांनी गुटी तयार केली आणि एसटीने, मांडीवर ठेवून, मुंबईला आणली. तेव्हा मी शाळेत होतो. आमचं कुटुंब आजोबांपासून परळचं. आजोबा कारकून, वडील कारकून, मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात. झाडं आम्हाला कुंडीत तुळस आणि खिडकीत कोरफड एवढीच माहीत.

काका झाडाचं जे करत ते मी लहानपणापासून गॅलरीतून पाहत आलो. पाणी ते बुंध्याला कधीच घालत नसत. बुंध्यापासून हातभर अंतर सोडून गोल आळं केलेलं असे, त्यात पाणी. बुंध्याजवळची माती उलट उंचवट्यासारखी, म्हणजे पावसाचं पाणी तिथे थांबायला नको. कोवळी पानं आली की त्यांच्यावर पाखराच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या येतात. त्या ते रोज सकाळी वेचून साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकत. सुकलेली काटकी दिसली की हिरवं लाकूड लागेपर्यंत मागे कापत. आणि वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि पाऊस सरल्यावर, लेप. एका प्लॅस्टिकच्या बादलीत मोरचूद विरघळवलेलं, दुसरीत चुना, आणि तिसरीत दोन्ही एकत्र ओतून ढवळायचं. लोखंडाची बादली चालत नाही. मग घासून चकचकीत केलेला खिळा त्यात बुडवून बघायचा. खिळ्यावर तांबडं चढलं तर चुना कमी पडला. नाही चढलं तर लेप बुंध्याला कमरेपर्यंत फासायचा. वाळला की फिका निळा दिसतो. आमच्या चाळीतल्या झाडाचा बुंधा कायम फिका निळा असायचा.

माझे वडील निवृत्तीनंतर रोज सकाळी त्या झाडाखाली घडीची खुर्ची टाकून पेपर वाचत. शेवटची दोन वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत असे. कारण लिहिण्यासारखं नाही. भांडण नव्हतं. मी घरी उशिरा येई, ते लवकर झोपत, आणि रविवारी मला वाटे की पुढच्या रविवारी बसू. ते गेल्यावर मला काहीतरी करावंसं वाटलं. लोक देवळाला पंखा देतात, शाळेला कपाट देतात. मी झाडाला पार बांधायचं ठरवलं. वडाला असतो तसा. वर टाइल्स, समोर वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी. कमिटीने आनंदाने मंजुरी दिली. ठराव मीच लिहिला.

काम सुरू झालं त्या दिवशी काका मागे आले. गवंडी विटांचा दुसरा थर लावत होता.

"ह्यां काय रे?"

"पार, काका. बाबांच्या नावाने."

त्यांनी गवंड्याच्या हाताकडे बघितलं. "किती उंच?"

"अडीच फूट. बसायला बरं पडतं."

"आणि आत काय?"

"माती भरणार. चांगली लाल माती सांगितली आहे. शेणखत पण."

"बुंध्याक लागान?"

"मग काय अधांतरी ठेवणार?"

काकांनी बुंध्यावर हात ठेवला. "झिला, ही लिंबाची जात. हिचो पाय सुको व्हयो. माती गळ्यापर्यंत इली तर आतून साल कुजता."

"काका, वडाला पार असतो, पिंपळाला असतो. शंभर-शंभर वर्षं उभे आहेत ना?"

"व्हय. मग पपनसाची मुंजपण करून टाक. भटजीक मी सांगतंय."

पिंपळाची मुंज करतात हे गवंड्याला माहीत असावं, तो हसला. मीही हसलो. काका खोलीत गेले आणि त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांची ती सवयच आहे, कुठलीही गोष्ट एकदाच सांगायची. साचेखात्यात आवाजच इतका असे की दोनदा सांगण्यात अर्थ नसे. जे सांगायचं ते एकदाच, कानाशी तोंड नेऊन. त्यांनी माझ्या कानाशी सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं.

पार छान झाला. संध्याकाळी बायका तिथे बसून भाजी निवडू लागल्या. पाटीवर कुणीतरी फूल ठेवी. मी रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी पारात दोन बादल्या पाणी घालत असे, थेट बुंध्याशी. इतकी वर्षं ज्या झाडाकडे मी वरून नुसतं बघितलं होतं त्याला पाणी घालताना मला बरं वाटे. वडिलांसाठी काही करतो आहे असं वाटे.

दुसऱ्या वर्षी पावसाळा संपल्यावर बुंध्यावर, टाइल्सच्या जरा वर, मधासारखा डिंक दिसू लागला. साल उभी चिरली होती. पानं पिवळी पडत होती, आधी शिरा, मग सगळं पान. काका आले, डिंक बोटाने चोळून वास घेतला, आणि दिसत होतं तेवढ्या बुंध्यावर नेहमीपेक्षा जाड लेप लावला. पाराबद्दल काही बोलले नाहीत. मग माघात झाड असं फुललं की मागची सगळी गॅलरी वासाने भरून गेली. लोक म्हणाले, बघा, औषध लागू पडलं. जायच्या आधी झाड फार फुलतं हे मला नंतर कळलं. फाल्गुनात पानं गळायला लागली. टोकाकडून फांद्या वाळत गेल्या.

त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी कमिटीची सभा होती, सकाळी, तळमजल्याच्या पॅसेजमध्ये खुर्च्या टाकून. काका-काकी शिमग्याला गावी गेले होते.

"चिटणीस, झाडाचं काय करायचं?" अध्यक्षांनी विचारलं. तिसऱ्या मजल्यावर राहणारे, स्वभावाने सरळ गृहस्थ. "पानांनी गटार तुंबतंय रोज."

कुणीतरी म्हणालं, "ते काका निळं काहीतरी फासतात ना त्याला? यंदा तर थापलंच आहे. विष असतं ते."

"तसंच काही झालं का हो?" अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले. "तुम्ही रोज मागे असता. तुम्हाला काय वाटतं?"

त्या क्षणी मला काकांचं वाक्य आठवलं. हिचो पाय सुको व्हयो. हे मला नीट लिहून ठेवायचं आहे, कारण पुढे मी स्वतःलाच बरेचदा सांगितलं की तेव्हा मला कारण माहीत नव्हतं. खात्री नव्हती, हे खरं. पण वाक्य आठवलं होतं, पूर्ण आठवलं होतं. आणि पाठोपाठ पाटी आठवली.

"औषध जरा जास्त झालं असेल," मी म्हणालो.

एवढंच. रात्री जेवणाआधी मी वहीत लिहिलं: "मोरचूद या औषधाच्या अतिवापरामुळे झाडास इजा झाली असावी, असे मत व्यक्त करण्यात आले. यापुढे कमिटीच्या परवानगीशिवाय कोणीही झाडास औषध लावू नये, असे ठरले." अशी वाक्यं लिहिणं हे माझं पोटाचं काम आहे. दाव्यांच्या पत्रांत माणूस येऊ द्यायचा नसतो. निदर्शनास येतं, आढळून येतं, व्यक्त करण्यात येतं. मत कोणी व्यक्त केलं ते त्या वाक्यात कुठेच नाही. औषध कोण लावतं तेही नाही. पण चाळीत ते सांगायची गरज नव्हती.

काका गावाहून आले तेव्हा त्यांना सांगायचं काम चिटणीसाचं. मी त्यांच्या दारात उभं राहून सांगितलं. ते आमसुलं डब्यात भरत होते.

"कमिटीन सांगितल्यान?"

"हो. तात्पुरतं."

"सभेक कोण कोण होते?"

"सगळेच होते."

"बरां," ते म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं. काकींनी मला गावचे काजू दिले. दुसऱ्या दिवशी लेपाच्या तिन्ही बादल्या घासून मोरीत कपडे भिजवायला घेतलेल्या दिसल्या. त्यानंतर मी काकांना चाळीच्या मागच्या बाजूला पाहिलं नाही. ते सकाळी पुढच्या दारात बसू लागले, रस्त्याकडे तोंड करून.

अळ्या वेचायला कोणी उरलं नाही. मी एक-दोन दिवस प्रयत्न केला, पण मला त्या दिसतच नसत. जुनी पानं आजाराने गळाली, नवी अळ्यांनी खाल्ली. फळं खूप धरली होती, पण मोसंबीएवढी होऊन गळून पडली. त्या चतुर्थीला चाळीतल्या सगळ्या माटव्यांना बाजारातली पपनसं लागली. मी काकांकडे दर्शनाला गेलो. काकींनी करंजी हातावर ठेवली आणि वर बोट दाखवलं.

"बघ, दादरचां पपनस. कमिटीक सांग, गणपती काय रागावलो नाय."

काका गणपतीच्या बाजूला बसून कुणाशी तरी फोनवर बोलत होते. काकी हे सहज म्हणाल्या की माहीत असून, ते मला आजही सांगता येणार नाही. करंजी मी जिन्यात खाल्ली.

दिवाळीनंतर मी दादरला खतं-बियाणं विकणाऱ्या एका दुकानात गेलो आणि मोबाइलवरचे फोटो दाखवले. झाड वाचवायचं असं मनात होतं. खरं तर मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं की औषधानेच असं होतं. दुकानदार म्हातारे होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला.

"डिंक्या आहे हा. पार कधी बांधला?"

"तीन वर्षं होतील."

"त्याच्या आधी काही त्रास?"

"नव्हता."

"मग? बुंध्याला ओली माती टेकली की बुरशी शिरते. खालून साल कुजत कुजत गोल फिरते. गोल पूर्ण झाला की झाड संपलं."

"त्याला मोरचुदाचा लेप जास्त लावला होता," मी म्हणालो. "त्याने काही—"

"मोरचूद-चुन्याच्या लेपाने एवढं झाड मरतंय होय? उलट तेच औषध आहे याच्यावर. पण तुमचा लेप खालपर्यंत पोचलाच नसेल, सगळं मातीत बुडलंय. पार काढा, माती काढा, कुजलेली साल तासून काढा, मग लेप लावा. लगेच करा मात्र." त्यांनी फोन परत दिला. "मोरचूद देऊ?"

मी नको म्हणालो.

घरी येऊन, दुपारी मागे कुणी नसताना, मी पारातली माती एका बाजूने खुरप्याने उकरली. वीतभर खाली साल हाताला मऊ लागली, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. आंबूस वास होता. बोटाने दाबली तर तुकडा सुटून आला आणि आतलं लाकूड तपकिरी दिसलं. म्हणजे आता खात्रीही झाली. मग माती परत लोटली, वरून सारखी केली आणि हात धुतले.

या सगळ्यात मला सर्वांत लाज वाटते ती या हात धुण्याची. सभेत बोललो ते एका क्षणात बोललो. माती मी सावकाश लोटली, आणि पुढे अडीच महिने ती तशीच राहू दिली. दुकानदाराने लगेच म्हटलं होतं. कुजलेली साल रोज थोडी थोडी पुढे सरकत असणार हे मला माहीत होतं. एकदा काकांना सांगायचं म्हणून त्यांच्या खोलीत गेलो. ते टीव्हीवर कबड्डी बघत होते. काकींनी चहा केला. मी गुडघे कसे आहेत म्हणून विचारलं, त्यांनी गुडघे कसे आहेत ते सांगितलं, मी चहा पिऊन आलो.

फेब्रुवारीच्या सभेत विषय होता झाड काढण्याचा. एक मोठी फांदी पूर्ण वाळली होती आणि खालून मुलं जात-येत होती. पालिकेकडे परवानगीसाठी अर्ज करायचा होता. काका या सभेला होते. खुर्ची न घेता जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसले होते, कारण खालच्या खुर्चीतून उठताना गुडघे दुखत.

"काका, तुमची हरकत नाही ना?" अध्यक्षांनी विचारलं. मग वातावरण हलकं करावं म्हणून म्हणाले, "तसं तुमच्याच औषधाने काम झालंय म्हणा."

दोघे-तिघे हसले. वाईट हेतूने नाही.

"माझी कसली हरकत," काका म्हणाले. "झाड कमिटीचां."

मी पेन खाली ठेवलं. "औषधाने नाही झालं," मी म्हणालो. "पारामुळे झालं. पार मी बांधला. काकांनी तेव्हाच सांगितलं होतं, बांधू नको, साल कुजेल. मी ऐकलं नाही."

अध्यक्षांना आधी कळलं नाही. "अहो, पण वहीत तर औषधाचं आहे."

"वहीत मी लिहिलं. मत व्यक्त करण्यात आलं म्हणून लिहिलंय ना, ते मत माझंच. तेव्हा मला काकांचं बोलणं आठवत होतं. दिवाळीनंतर दुकानात विचारूनही आलो. माती उकरून बघितली. सगळं माहीत होतं."

मी मनात पुष्कळ तयारी केली होती आणि त्यातलं काही बोललो नाही. बोलून झाल्यावर मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. लोकांना अवघडल्यासारखं झालं होतं, बस्स. दुसऱ्या मजल्यावरच्या एक वहिनी म्हणाल्या, "मग आता पार तोडणार का? टाइल्स चांगल्या आहेत." कुणीतरी म्हणालं, परत कुठेतरी वापरता येतील. काका कठड्याला धरून उठले आणि खोलीत गेले. माझ्याकडे बघितलं नाही. अर्जाचा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला.

इतिवृत्त लिहून अध्यक्षांच्या सहीला नेलं. त्यात मी लिहिलं होतं: "मागील वर्षीच्या सभेत नोंदवलेले कारण चुकीचे आहे. पार मी बांधला व झाडाचा रोग त्यामुळे झाला. औषधाचा दोष मी लावला." अध्यक्ष म्हणाले, वहीत 'मी' येत नाही, 'चिटणीस यांनी' असं करा. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी ते तसंच ठेवू द्या म्हणालो. त्यांनी जरा वेळाने सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. काका होते. एक मजला चढून आल्याने त्यांना धाप लागली होती.

"तुझ्याकडे सुरी आसा? धारेची?"

"आहे."

"रविवारी गवंड्याक बोलव. माती हातान काढूची. पावडो लावू नको, मुळां तुटतली."

रविवारी पार फोडला. पाटी मी आधी काढून घेतली. ती आता घरात कपाटामागे आहे. विटा निघाल्या, मग मी आणि गवंडी दोघांनी हाताने माती ओढली. काका प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून बघत होते. तळाशी मुळं दिसू लागली तेव्हा त्यांनी गवंड्याला जायला सांगितलं. बुंध्याला वीतभर उंचीचा काळपट पट्टा होता, मागून गोल फिरत पुढे आलेला. मी गुडघ्यांवर बसून साल तासायला लागलो.

"दाढी करतंस काय? दाब दी जरा."

मी दाबून तासलं. ओली भुकटी पडत होती.

"पांढरं लागलं, काका."

"पांढरां न्हय तां, पिवळां. अजून."

बराच वेळ असं चाललं. मग मी म्हणालो, "काका, त्या सभेचं मी—"

"हात चालव."

मी हात चालवला. खरोखर पांढरं लाकूड आणि हिरवट सालीची कड लागली तिथे त्यांनी थांबवलं. मग स्टुलावरून वाकून त्यांनी बुंधा वितीने मोजला. घेर चार विती. जिवंत साल राहिली होती सव्वा वीत. झाडाचं अन्न सालीतूनच खाली-वर जातं, एवढ्या चिंचोळ्या पट्टीवर एवढं झाड. काका त्या सव्वा वितीवर हात ठेवून होते तेव्हा बोलले.

"मी शिमग्याक गेल्लंय म्हणान तू तसां बोललंस. मी हय असतंय तर बोललं नसतंस."

मी विचार करून उत्तर दिलं. "नसतो बोललो."

"तांच," ते म्हणाले.

मी वाट बघितली. त्याच्यापुढे त्यांनी काही म्हटलं नाही, आजवर म्हटलेलं नाही. लेपासाठी बादल्या मागायला मी गेलो तेव्हा काकींनी कपडे पिळता पिळता सांगितलं, "ह्यो आता माझ्यो. कमिटीची बादली आण." मी बाजारातून तीन नव्या आणल्या. चुना मी भिजवला, मोरचूद मी विरघळवलं, खिळा काकांनी बुडवून बघितला.

झाडाची मागची बाजू गेली. ती कापून कापल्या जागी लेप लावला. पुढच्या बाजूच्या तीन फांद्यांना पानं आहेत, कोवळी, जरा बारीक. पाणी आता लांबच्या आळ्यात जातं. अळ्या मला दिसायला लागल्या आहेत. सकाळी मी वेचतो आणि काका खिडकीतून राहिलेल्या दाखवतात. या वर्षी थोडी फुलं आली, गोट्यांएवढी फळं धरली. ती सगळी काकांनी काढून टाकायला लावली. आजारी झाडाला फळ झेपत नाही म्हणाले. सगळी मी काढली. मग दोन वर्षं माटवीला बाजारातलंच पपनस, हेही ते म्हणाले, आणि ते कुणाला उद्देशून होतं हे त्यांनी सांगितलं नाही. झाड तगेल का, या प्रश्नाला ते उत्तर देत नाहीत.

सभेत बोललो की ती गोष्ट मिटेल अशी माझी समजूत होती. मिटली नाही. सभेला दहा-बारा माणसं असतात, चाळीत बिऱ्हाडं पुष्कळ. औषधाने झाड गेलं ही गोष्ट सांगायला सोपी आहे, त्यात निळा रंग आहे, म्हातारा माणूस आहे. पाराची गोष्ट कोणी सांगत नाही. वाण्याकडे मी ती औषधाची गोष्ट ऐकली आहे, गच्चीवर ऐकली आहे. गेल्या चतुर्थीला काकांकडे दर्शन घेऊन मी मागच्या बाजूला गेलो, तर तिसऱ्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडातली नवी सून तिच्या माहेरच्या पाहुण्यांना खाली आणून झाड दाखवत होती.

"एवढं मोठं होतं म्हणे," ती सांगत होती. "खालच्या कोपऱ्यातल्या आजोबांनी कसलं तरी औषध लावलं, आणि जळलं."

काकांची खिडकी उघडी होती. आत आरतीची तयारी चालली होती. ऐकू गेलं असेल किंवा नसेल.

"औषधाने नाही," मी म्हणालो. "झाडाला पार बांधला होता, त्याने साल कुजली. पार मी बांधला होता."

ती ओशाळली. "हो का? सॉरी, मला माहीत नव्हतं. आमच्या घरी सगळे औषधच म्हणतात."

"तेही मीच सांगितलं होतं," मी म्हणालो.